खालून कुणीतरी ओढतंय

'पाणी कमी येतंय' हे तीन शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा माझं नावसुद्धा कुणी घेतलं नसेल. नावाने मला ओळखतं कोण? 'नळवाले' म्हणत, फार तर 'पालव नळवाले'. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा" म्हटलं आणि मी उत्साहाने हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, गमतीदार म्हणावेत असे अनुभव दोन-चारच आहेत, आणि जो एक लिहिल्याशिवाय राहवत नाही त्यात गंमत औषधालाही नाही. दोन्ही लिहितो. नको ते संपादकांनी कापावं.

बिऱ्हाड कोपरीला, आणि काम ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे मिळेल तिथे. काळ लोखंडी पाइपांचा. आताचे ते पांढरे प्लॅस्टिकचे, चिकटवले की झालं, तसले नव्हेत. पाइपाला आटे पाडायचे, आट्यांवर सूत गुंडाळायचं, वर सफेदा, म्हणजे पाणी अडवणारा पांढरा लेप, लावायचा आणि पान्याने आवळायचं. हाताला सफेद्याचा वास इतका मुरायचा की घरी पहिला घास मी डाव्या हाताने नाक धरून खातो की काय, असं बायको म्हणायची.

लोकांना वाटतं, गळती थांबवणं हे अवघड काम. गळती दिसते हो, तिच्यात काय अवघड! अवघड असतं ते गळती काढून दिल्यावर दुसऱ्या दिवशी येणारं बोलावणं. "नळ गळत नाही आता, पण पाणी कमी येतंय." याला डोळे उपयोगाचे नाहीत. पाइप भिंतीत, दोष पाइपात, आणि गिऱ्हाईक आपल्या मानेवर.

माझ्या वस्तादांनी यासाठी एकच गोष्ट शिकवली होती. ते म्हणायचे, "पानी था. तू हात लावलास. पानी गेलं. मग चोर कोण? पहिले आपली झडती घे." म्हणजे आधी विचारायचं, एकाच नळाला कमी आहे की घरभर? एकाच नळाला असेल तर तोटीची जाळी काढून बघायची. घरभर असेल तर आपण जिथे पाना लावला तिथून पुढे एकेक जोड तपासत जायचं. जुन्या पाइपाला पाना लावला की आतला गंज सुटतो आणि पुढच्या वळणावर जाऊन बसतो. कधी आपलंच सूत आत शिरलेलं असतं. दोष बहुतेक वेळा आपल्याच हातचा, फक्त तो पुढे चालत गेलेला.

कोपरीला खाडीकडच्या एका कोळी आजींचा नळ मी बदलला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भर रस्त्यात धरलं. "आरं, तुजे हातान काय जादू हाय? तू आलास नि पानी नेलास!" जाळीत गंजाचे दोन खडे होते, टाचणीने निघाले. आजी पुढे कितीतरी वर्षं प्रत्येकाला सांगत, हा टाचणीने पाणी आणतो. ठाण्यातच एक बँकेतले साहेब होते. बादली भरायला किती वेळ लागतो याची ते रोज वही ठेवत. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हने मला तीन दिवस झुलवलं. चाक छान फिरत होतं, पण आतली पट्टी तुटून खालीच बसलेली. साहेबांनी वहीत लिहिलं, 'कारण सापडले. पालव यांस तीन दिवस लागले.' ते वाक्य त्यांनी मला वाचूनही दाखवलं.

झाली गंमत. आता डोंबिवलीचं सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला एक दोन मजली इमारत होती. गच्चीवर टाकी नाही. महापालिकेचं पाणी दुपारी अडीचला थेट नळाला यायचं आणि दीड तासात जायचं. तेवढ्यात प्यायचं, धुण्याचं, दुसऱ्या दिवसाचं, सगळं भरून घ्यायचं. मागच्या बाजूने एक उभा पाइप वर गेलेला, त्यावर एकावर एक तीन घरं. तळाला दवाखाना, त्यांना पाणी लागायचं नावापुरतं. पहिल्या मजल्यावर दळवीकाका, शाळेत हेडक्लार्क होते, निवृत्त झालेले. काकू वारलेल्या. घरात काका आणि त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास, पंचविशीचा. तो कोलशेतला एका वर्कशॉपमध्ये मोटरी दुरुस्त करायचा, रिवाइंडिंगचं काम. दुसऱ्या मजल्यावर करमरकर वहिनी. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना सांगायला नको, त्या घरात पाणी किती लागतं.

उभ्या पाइपाचं तळाचं वळण गंजून फुटलं आणि मला बोलावणं आलं. पाच-सहा फूट पाइप आणि वळण बदलायचं, दीड दिवसाचंही काम नाही. पण जुना पाइप कापला की आत साठलेलं पाणी ठिबकत राहतं, आणि ओल्या आट्यांवर सफेदा धरत नाही. त्यावर आम्ही सगळेच एक करायचो. पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, आटे कोरडे करायचे, सूत लावायचं, आणि जोड बसवायच्या क्षणी बोळा ओढून काढायचा. शहाणा नळवाला बोळ्याला हातभर शेपूट ठेवतो, ती बाहेर लोंबते, विसरणं शक्यच नाही. मीही एरवी ठेवायचो. त्या दिवशी दोन बोळे लागले, एक खालून येणाऱ्या पाइपाला, एक वर जाणाऱ्याला, आणि कापड अपुरं पडलं. वरचा बोळा आखूड झाला.

सव्वादोन वाजले तरी शेवटचा जोड बाकी होता. जिन्यात माणसं जमली. वरून कुणीतरी ओरडलं, "अहो पालव, पाणी येईल आता! फुकट जाईल सगळं!" मी खालचा बोळा ओढला, जोड चढवला, आवळला. अडीचला पाणी आलं. एक थेंब गळला नाही. इमारतीचे सेक्रेटरी पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं बुवा." मी खूश होऊन घरी आलो.

चार दिवसांनी करमरकर वहिनींचा निरोप आला. पाणी कमी येतंय.

गेलो. पाणी यायच्या वेळेला त्यांच्या मोरीत उभा राहिलो. अडीचला नळ सुटला, चांगला सुटला. दोन मिनिटं झाली नसतील, एकदम धार बारीक. करंगळीएवढी. खाली दळवीकाकांकडे जाऊन पाहिलं तर दणकून पाणी. जाळ्या साफ केल्या, तोट्या उघडल्या, तळाचा मी केलेला जोड खोलून पुन्हा बसवला. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी तेच. आधी दोन मिनिटं छान, मग धार पडणार.

आता त्या काळी डोंबिवलीत राहिलेल्या कुणालाही याचा अर्थ विचारा. लोक नळाला चोरून मोटर लावत. पाणी आलं की दोन मिनिटं थांबायचं आणि बटण दाबायचं, की वरच्यांचं पाणीही आपल्याकडे. इमारती-इमारतींत यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. वस्तादांनी सांगितलेली झडती मी घेतली होती, पण अर्धीच. माझा जोड तपासला, तो चोख होता, आणि त्या चोख जोडाचा मला गर्व होता. वहिनी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "पालव, खरं सांगा काय ते. सासूबाईंची चादर मी आज कशी धुऊ?" गॅलरीत शेजारच्या दोघीतिघी उभ्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, खालून कुणीतरी ओढतंय."

एवढंच बोललो. नाव कुणाचं घेतलं नाही. पण खाली राहत होतं कोण? दवाखाना दुपारी बंद असायचा. राहिले दळवी, आणि दळव्यांचा मुलगा मोटरीच्या धंद्यात.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी मीटिंग भरली, मला जाणकार म्हणून बसवून घेतलं. दळवीकाका स्वतः उठले. "माझं घर उघडं आहे. आत्ता चला सगळे." गेलो सगळे. नळाला काही नव्हतं. पण सुहासच्या कॉटखाली पोत्यावर एक अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर निघाली, उघडलेली, तारा बाहेर.

"ही गिऱ्हाइकाची आहे," सुहास म्हणाला. "जळलेली आहे. घरी आणून रिवाइंड करतोय. चालत पण नाही ती, बघा ना!"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. "पालव, अशी मोटर लावून काढून ठेवता येते का?"

येते. खरं तेच होतं. मी म्हटलं, "येते तशी, पण..." त्या 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलं नाही, आणि मीही आवाज चढवून सांगितलं नाही. मनातून मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. दोष सापडला होता आणि तो माझा नव्हता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. इमारतीने दळव्यांशी बोलणं टाकलं. वहिनी जिन्यात त्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या, आणि काय बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठेक दिवसांनी काकांनी सुहासला काकूंच्या फोटोसमोर उभं केलं आणि फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. काका म्हणाले, "परत सांग." तो आत गेला, बॅग भरली आणि कोलशेतला दोस्तांच्या खोलीवर निघून गेला. दोन-तीन महिन्यांत काकाही घराला कुलूप लावून कल्याणला पुतण्याकडे राहायला गेले.

त्यानंतर महिन्याभराने मला परत बोलावणं आलं. वहिनींचा आवाज या वेळी चढा नव्हता. त्या म्हणाल्या, "पालव, खालचं घर बंद आहे हो. आणि पाणी तेवढंच येतंय."

मी मागच्या बाजूला शिडी लावली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे तो उभा पाइप एक इंचाचा पाऊण इंच होत होता. तो जोड मी आयुष्यात पहिल्यांदा खोलला. आत बोट घातलं तर कापड लागलं. ओढून काढलं. पिवळं, हिरव्या काठाचं. माझ्या बायकोच्या जुन्या पातळाचा तुकडा.

पाणी आलं की तो बोळा वर सरकायचा आणि अरुंद तोंडाशी अडकून बसायचा, म्हणून धार दोन मिनिटांनी पडायची. पाणी गेलं की थोडा खाली उतरायचा. दळवीकाकांचा फाटा त्याच्या खाली, म्हणून त्यांना पाणी भरपूर. सगळं इतकं सरळ होतं की नवशिक्यालाही कळलं असतं, त्याने फक्त माझ्यावर संशय घ्यायला हवा होता.

वहिनींनी खिडकीतून विचारलं, "काय होतं हो?"

मी बोळा खिशात कोंबला आणि म्हटलं, "गंज."

अडीचला त्यांच्या मोरीत नळ असा सुटला की बादली कलंडली. त्या हसल्या. सासूबाईंना आतून ओरडून सांगितलं, "आई, आलं हो पाणी!" मी चहा न घेता निघालो.

पँट धुवायला टाकताना बायकोच्या हाताला बोळा लागला. "हे माझं पातळ ना? कुठे सापडलं?" तिच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही. सगळं सांगितलं. दळव्यांचं तिला आधीपासून माहीत होतं, मीच घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, मोटर पकडली म्हणून. तिने बोळा पिळून दोरीवर वाळत घातला. मग म्हणाली, "माझ्या लुगड्याने त्या माणसाचं घर मोडलं. तुम्ही जाऊन सांगा. नाही सांगितलंत तर मी जाईन."

आधी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "जाऊ द्या हो पालव. ते गेले, आता पाणी येतंय, जुनं उकरून काय करायचंय?" वहिनींना सांगितलं तेव्हा त्या मोरीच्या उंबऱ्यावरच बसल्या. "मी त्या सुहासला चोर म्हटलं हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कल्याणला पुतण्याच्या घरी दळवीकाका गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोळा बरोबर नेला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि घडी घालून परत दिला. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मारायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

"म्हणजे सुहास खरं बोलत होता," ते म्हणाले.

"हो, काका."

"पहिल्यांदा विचारलं तेव्हाही."

"हो."

ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चला. माझ्यासमोर त्याला सांगा."

आम्ही ठाण्याला उतरलो आणि तिथून बसने कोलशेतला गेलो. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "मी शाळेत इतकी वर्षं काढली, पालव. मुलं खोटं बोलतात तेव्हा मला लगेच कळायचं, असं मी सगळ्यांना सांगायचो."

वर्कशॉपच्या दारात सुहास तेलाचे हात पुसत आला. वडिलांना पाहून थांबला. मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही, माझ्या 'गंज'सकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुमचा मला राग नाही. तुम्ही परके. चूक झाली तुमची, होते."

"सुहास, अरे..." काका पुढे झाले.

"बाबा, मी आईच्या फोटोवर हात ठेवलेला. त्यानंतर तुम्ही म्हणालात, परत सांग." त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. "आता हे सांगायला आले म्हणून तुम्ही आलात. हे आलेच नसते तर?"

तो आत गेला. आत मशीन सुरू झालं.

मी काकांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "तुम्ही निघा. याची सुट्टी साडेपाचला होते. मी थांबतो." दाराशी एक रिकामा ड्रम होता, त्यावर रुमाल पसरून ते बसले. मी त्यांना तिथे सोडून आलो.

त्यानंतर मी कामाला कुठेही गेलो तरी बोळ्याची शेपूट हातभर ठेवली, आणि पाण्याबद्दल कुणी विचारलं तर दुसऱ्याचं घर दाखवलं नाही. पण त्याचा दळव्यांना काय उपयोग?

सहा-सात महिन्यांनी कोलशेतला त्याच गल्लीत काम निघालं. वर्कशॉपच्या वॉचमनशी बोलता बोलता दळवीकाकांचा विषय निघाला. तो म्हणाला, "वो बूढे बाबा? हर शनिवार आते हैं. यहीं बैठते हैं. लडका पीछे के गेट से निकल जाता है. मैं क्या बोलू उनको, बोल देता हूं, ओव्हरटाइम चालू है."

तो शनिवारच होता. काम आटोपून निघालो तर काका ड्रमवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कसलासा डबा. मला पाहून त्यांनी ओळख दिली, शेजारी जागा करून दिली. मी बसलो.

"सुहासला हल्ली ओव्हरटाइम फार असतो," ते म्हणाले. "कधी सुटतो कळतच नाही. इतकं काम असतं का हो यांना?"

मला सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "हो काका. सध्या खूपच काम आहे."